न सांगता हलवलेलं बिऱ्हाड

हिर्डोशीतून सारोळ्याला बिऱ्हाड हलवायचं, हे बनाबाईनं भाताची झोडणी उरकल्यावर काही दिवसांनी ठरवलं, आणि ते गावात कुणाला कळू द्यायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकलं. बैठकीला कोण कोण होतं म्हणाल, तर ती आणि चूल. तिच्या घरातल्या सगळ्या बैठका गेली काही वर्षं अशाच भरत होत्या. विरोध करायला कुणी नसल्यामुळं ठराव भराभर मंजूर व्हायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. भोरला संस्थानचा अंमल होता, वरंध्याच्या वाटेला मोटार कधीमधी दिसायची, आणि हिर्डोशीहून भोरच्या बाजाराला जायचं म्हणजे माणसं अंधारात निघायची. बनाबाई मूळची उत्रोलीची, भोरच्या अगदी बगलेतल्या गावची. सपाटीवर वाढलेली पोर डोंगरात दिली म्हणून तिच्या आईनं लग्नात टिपं गाळली होती. पण बनाबाई रुळली. चढाला दम लागायचा थांबला, नाचणीची भाकरी हातावर थापता यायला लागली, आणि सावळारामसारखा हसरा नवरा मिळाल्यावर डोंगर काही वाईट वाटेना. त्याच साली शेजारच्या घरात चिमाजीची बायको म्हणून सखूबाई आली होती. दोघी नव्या नवऱ्या, दोघींच्या घरांमध्ये एकच कुडाची भिंत. एकीनं खोकलं की दुसरी पलीकडून विचारायची, "सुंठ देऊ का गं?"

वरच्या खोऱ्यात सावडीशिवाय कुणाचं पान हलत नाही. आज माझ्या खाचरात तुमची चार माणसं लावणीला आली, तर उद्या माझ्या घरची माणसं तुमच्या खाचरात. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही. कामाची फेड कामानं करायची. घर शाकारायचं असो, भात झोडायचं असो, सगळं सावडीवर. सावळाराम होता तोवर त्यांच्या घराची सावड कधी अंगावर राहिली नाही. उलट तो एक दिवस जास्तच राबून यायचा आणि वर "ऱ्हाऊ दे, पुढच्या जन्मी फेडा" म्हणायचा.

तो तापानं गेला. पोटी एकच लेक, रतन, ती सारोळ्याला दिलेली. राहिली बनाबाई एकटी.

पहिल्या पावसाळ्यात तिनं न बोलावताच गावानं तिची लावणी करून दिली. मग ती एकटी घरोघर फेडत फिरली. आज ह्यांच्यात, उद्या त्यांच्यात, कंबर धरली तरी चिखलातून बाहेर आली नाही. पण एक माणूस किती ठिकाणी पुरणार? दुसऱ्या साली सखूबाईच्या खाचरात लावणी चालली होती. सखूची सासू बांधावर इरल्याखाली बसून होती. म्हातारी सहज बोलून गेली, "बनीकडं आपली दोन मानसं गेलती, बनी एकलीच आली की."

म्हातारीच्या मनात काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना बांधावर बसून दुसरं काम काय असतं? ती कावळेसुद्धा मोजत बसतात. पण बनाबाईच्या काळजात ते बोलणं असं रुतलं की त्या दिवशीची लावणी तिनं मान वर न करता संपवली, आणि घरी येऊन चुलीला सांगितलं, की आजपासून कुणाचं काही घ्यायचं नाही. जे फेडता येत नाही ते मागायचं नाही, आणि दिलं तरी घ्यायचं नाही.

खाचरं तिनं भावकीतल्या रखमाजीला अर्धेलीनं करायला दिली. सावडीला बोलावणं आलं की "मला जमायचं न्हाई" म्हणून सांगायची. सखूबाई दोनदा आली, तिसऱ्यांदाही आली. चौथ्यांदा आली नाही. भिंत होती तिथंच होती, खोकलाही ऐकू येत होता, पण सुंठ कुणी विचारेना. माणूस आपल्याच हातानं आपल्याभोवती कुंपण घालतं आणि मग आत बसून म्हणतं, कुणी येत कसं नाही. बनाबाईचं तसं झालं होतं. हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण कुंपण मोडायचं तर कुणापुढं तरी हात पसरायला हवा होता, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

सारोळ्याला रतनचा नवरा मानसिंग पुलाजवळ चहाचं दुकान चालवायचा. पुणे-सातारा रस्त्यावरच्या मोटारी तिथं थांबत. रतनचा निरोप दरसाल यायचा, "आये, हिकडं ये. दुकानामागं एक खण मोकळा हाय." बनाबाई दरसाल टाळायची. त्या साली झोडणीनंतर काय झालं, की तिच्या तोंडातून काही दिवस शब्दच निघाला नाही. निघायला बोलायचं कुणाशी? मग एका दुपारी वाळवणावर आलेली कोंबडी हाकलताना तिनं "हाड्" केलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. त्याच दिवशी ती बैठक भरली.

आता बेत. बनाबाईचा बेत एखाद्या कारभाऱ्यानं शिकावा असा होता. गावात कुणी घर सोडून निघालं की अख्खं गाव लोटायचं. बाप्ये ओझी उचलणार, बाया शिदोरी बांधणार, वेशीपर्यंत नाही तर नदीच्या उतारापर्यंत पोचवायला येणार. म्हणजे सगळ्या गावाची सावड अंगावर घेऊन जायचं, आणि फेडायला परत कधी यायचं? तेव्हा असं करायचं, की बिऱ्हाड हलतंय हे दिसूच द्यायचं नाही. दर बाजाराला जाताना डोक्यावर एक ओझं न्यायचं. मुक्काम उत्रोलीला चुलतभाऊ गेनूकडं. सामान त्याच्या गोठ्याच्या कोपऱ्यात साठवायचं, आणि सगळं जमलं की गेनूच्या गाडीत घालून एका खेपेत सारोळं गाठायचं. गेनूचे उपकार चालतील, कारण माहेरचं फेडायचं नसतं. लागणारं शेवटी, न लागणारं आधी. धावपळ नाही, आरडाओरडा नाही, एक गाडगं फुटायचं नाही.

न लागणारं आधी, ह्या हिशेबानं पहिल्या खेपेला निघालं इरलं. पावसाळा संपलेला, मग इरलं कशाला ठेवायचं? बेत चोख होता. फक्त एवढंच झालं, की ऐन थंडीत, लख्ख उन्हात, एक बाई डोक्यावर बांबूचं भलंमोठं इरलं घेऊन गावातून चालली होती, आणि तिला वाटत होतं आपण कुणाला दिसत नाही. दुसऱ्या बाजाराला धान्य साठवायची कणगी निघाली. ती तर पुढून बघणाऱ्याला नुसती दोन पायांवर चाललेली कणगी दिसत होती.

पारावरच्या माणसांनी बघितलं. पाणवठ्यावरच्या बायांनी बघितलं. कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं? घरातून निघालेल्या माणसाला "कुठं" म्हणून विचारू नये, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. विचारलं की काम मोडतं. आणि गाव सोडणारानं तर आपल्या तोंडानं, दारोदार जाऊन, "येतो बरं" म्हणायचं असतं. मग पुढचं गाव बघून घेतं. तोवर गावानं ओठ उघडायचा नाही.

पहिल्या खेपेला कुणी विचारलं नाही तेव्हा बनाबाईला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला जरा नवल वाटलं. पाटा-वरवंटा गेला, उखळ गेलं, घर रिकामं होत चाललं, आणि तिला राग यायला लागला. एवढं घर उठून चाललंय आणि ह्या गावाला त्याचं काहीच नाही? आपणच कुणाला कळू नये म्हणून धडपडत होतो, हे ती सोयीस्कर विसरली. जात्याची वरची तळी तिनं एका बाजाराला नेली आणि खालची पुढच्या बाजाराला, मान मोडायची वेळ आली. त्यानंतर पहाटे तिच्या घरातून जात्याची घरघर येईना. दळून ठेवलेल्या पिठावर ती दिवस काढत होती. पहाटे जाग आली की भिंतीपलीकडचं सखूचं जातं तेवढं ऐकू यायचं, आणि हिला वाटायचं, सखू आता तरी हाक मारेल. म्हणेल, बने, जातं बंद का गं? सखूचं जातं थांबायचं, मग बराच वेळ तिकडून काहीच आवाज यायचा नाही. मग झाडू फिरायला लागायचा.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं घर सारवलं. कोपरा न् कोपरा सारवला, कणगीच्या जागेचा गोल डागसुद्धा पुसला. सोडलेलं घर पारोसं ठेवू नये. सारवताना तिला सावळाराम कुठं बसायचा, रतन कुठं रांगायची, सगळं आठवत गेलं, आणि ती मुसमुसून रडली. रडणंसुद्धा तिनं पदर तोंडात कोंबून उरकलं, भिंतीपलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून.

सकाळी देवाचे टाक फडक्यात बांधले, तवा, तांब्या, घोंगडी यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती बाहेर पडली. सखूबाईचं दार लावलेलं होतं. दिवस उजाडल्यावर ते दार लावलेलं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आपण निघालेलं दिसू नये म्हणूनच लावून घेतलं असणार, असं तिला वाटलं, आणि तिनं पाऊल उचललं. घर सोडून जाणारानं मागं वळून बघू नये, नाहीतर घर पाठीला लागतं, असं सासूनं सांगितलं होतं. आणि डोक्यावर ओझं असलं म्हणजे मान तशीही वळत नाही. वेशीतही ती थांबली नाही. थांबून कुणाची वाट बघायची?

नदीच्या उतारावर माघातलं पाणी गुडघ्याएवढं होतं, पण दगडधोंड्यांवरून खळाळत होतं, कानात दुसरं काही शिरत नव्हतं. पलीकडं चढून तिनं ओझं उतरवलं आणि एका धोंड्यावर बसली, तोंड भोरकडं, पाठ गावाकडं. एवढी वर्षं ह्या गावात काढली. इथल्या बायांची बाळंतपणं केली, मयतांना पाणी पाजलं, आणि आज पोचवायला एक माणूस नाही. तिला भरून आलं. इथं ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून पदर डोळ्यांना लावून ती मनसोक्त रडली. मग तोंड धुतलं, ओझं चढवलं आणि चालू लागली.

सारोळ्याला बिऱ्हाड तंतोतंत बेतासारखं लागलं. गेनूच्या गाडीतून सामान उतरलं, एक गाडगं फुटलं नव्हतं. रतनला आईचं भारी कौतुक. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या आयनं आख्खं घर एकलीनं हलीवलं. कुणाचा हात म्हणून लावून घेतला न्हाई." लोक "शाब्बास बाई" म्हणायचे. बनाबाई कपबशा विसळत ऐकायची, आणि प्रत्येक शाब्बाशीला तिला तो नदीकाठचा धोंडा आठवायचा.

सारोळ्यात सावड नव्हती. रोजावर माणूस मिळायचं, काम झालं की व्यवहार संपला, कुणी कुणाच्या अंगावर राहायचं नाही. बनाबाईला हवं तसंच गाव. पण तिथं तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मानसिंगची सासू, एवढीच तिची ओळख. लेक चांगली होती, जावई मायाळू होता, पण दोघं दिवसभर दुकानाला जुंपलेली. मोटारींच्या धुरळ्यात ती दाराशी बसायची, आणि येणाऱ्या प्रत्येक घोंगडीवाल्या माणसाकडं बघायची, वरच्या अंगाचं कुणी आहे का म्हणून. आलं असतं तर बोलली असती की नाही कोण जाणे. पण बघायची.

चैत्रात एके सकाळी चिमाजी आला. सखूबाईचा नवरा. शिरवळकडं बैल बघायला निघाला होता. पायताणं झाडून बाकावर टेकला आणि म्हणाला, "बरं हाय का वैनी?"

"बरं हाय," बनाबाई म्हणाली. चहा तिनं स्वतः आणून दिला. "सखू कशी हाय?"

"हाय." चिमाजी बशीत चहा ओतत राहिला.

बनाबाईनं ठरवलं होतं, कधी कुणी भेटलंच तर एक शब्द काढायचा नाही. पण ठरवलेलं सगळंच बेतासारखं होत नाही. "भावजी," ती म्हणाली, "म्या गाव सोडलं तवा तुमच्यातलं एक मानूस दारात आलं न्हाई. परकं ढोर चाललं तरी लोक उठून बघत्यात."

चिमाजीनं बशी खाली ठेवली. "काय बोलताय वैनी? कोन आलं न्हाई? आमी उतारापतूर आलतो की."

"कोन आमी?"

"सखू हुती, माजी म्हातारी हुती, रखमाजीच्या घरच्या बाया हुत्या, आजून बी लई हुत्या. म्या आन् रखमाजी ओझं घ्यायला म्हणून. तुमच्या मागनंच हुतो आमी. तुमी घर सारवलं तवाच सखूनं वळखलं, उद्या निघणार. पहाटं उठून तिनं शिदोरीच्या भाकरी थापल्या. दार लावून घेतलं हुतं, तुमाला आदुगर दिसाया नगं, न्हाईतर नगं म्हनाल म्हणून. म्हनली, येशीत गाठू. पर तुमी येशीत थांबलाच न्हाई. मंग आलो तसंच मागं मागं."

"मंग हाक का न्हाई मारली?"

"हाक?" चिमाजी तिच्याकडं बघतच राहिला. "निघालेल्या मानसाला मागनं हाक मारायची व्हय? एकली बाई, नव्या घरी चाललेली. वाटंत काय वंगाळ झालं आस्तं तर सखूनं कुठं तोंड लपीवलं आस्तं? आमाला वाटलं, वळून बघशीला. एक डाव तरी बघशीला. तुमी बघितलंच न्हाई."

"बघू न्हाई म्हनत्यात," बनाबाई कशीबशी म्हणाली. "घर सोडताना."

"म्हनत्यात," चिमाजीनं कबूल केलं. मग म्हणाला, "पल्याड चढून तुमी धोंड्यावर बसला, आमच्याकडं पाठ करून. पदर डोळ्याला लावला. सखू म्हनली, 'आवं, ती रडतीया.' तिनं पान्यात पाय घातला हुता वैनी. म्हातारीनं धरली, म्हनली, निघालेलीला आडवं जाऊ नगं, जाऊ दे सुखानं. मंग तुमी उठला, गेला. दिसंनाशा होईपतूर हुतो आमी थितं."

"आन् भाकरी?"

"खाल्ल्या. काय करायचं? थितंच वाटून खाल्ल्या समद्यांनी. सखूनं तेवढी न्हाई खाल्ली."

एवढे दिवस बनाबाई ज्या धोंड्यावर एकटी बसून होती, त्याच्या पाठीमागं सगळं गाव उभं होतं, आणि मधे होतं ते नुसतं गुडघाभर पाणी.

चिमाजी उठला. घोंगडी खांद्यावर टाकली. "येतो वैनी, ऊन व्हईल," म्हणाला आणि पुलाच्या दिशेनं चालू लागला. बनाबाई दुकानाच्या खांबाला धरून उभी होती. तो थोडा लांब गेला, आणि तिच्या तोंडून एकदम हाक फुटली, "भावजी! ओ भावजी!"

दुकानातल्या माणसांनी माना वळवल्या. मानसिंग किटली हातात धरूनच म्हणाला, "आवं मामी, चाललेल्या मानसाला मागनं हाक..."

चिमाजी रस्त्यात जागच्या जागी थबकला. पण वळला नाही. बनाबाईनं पदर खोचला आणि जिथं कुणी तिचा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता त्या रस्त्यावर पुन्हा ओरडली, "चिमाजीभावजी! वळा! हिकडं बघा!"

तो वळला.

"सखूला सांगा," ती म्हणाली. आवाज फाटत होता, पण तिनं थांबवला नाही. "सांगा, बनी रडत हुती ती तू आली न्हाईस म्हणून."

चिमाजी तिच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं मान हलवली. पाठीमागनं हाक आल्यावर आता कुठले बैल मिळणार होते त्याला? पुलाकडं न जाता तो आला त्याच वाटेनं घराकडं परत निघाला.